मोरे सरांचा तोल

शेजारच्या बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या आणि आमचे मोरे सर पाळण्याची दोरी धरून बाळाच्या आजोबांना सांगत होते, "तिसऱ्या भागात लांबून मारायच्या बंदुकीला दिलेली ताकद म्हणजे सरळ दादागिरी हाय!" आजोबा बिचारे खांब गावाहून आलेले. त्यांनी घाबरून आणखी एक पेढा खाल्ला.

सर रोह्याच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर मुलाने घरी ठेवून दिलेल्या यंत्रावर ते बंदुकांचा एक व्हिडिओ गेम खेळू लागले. नेटवरून, पाच विरुद्ध पाच. त्या गेमचे आजवर चार भाग आलेत आणि कुठल्या भागात कुणावर अन्याय होतो याचा निवाडा सर आमच्या वरसे गावात कुणालाही ऐकवतात. भाजी घेताना, चक्कीवर, एकदा तर दात काढून घेताना. डॉक्टरांनी तोंडात बोळा घातला तेव्हा कुठे थांबले.

"पहिल्यात पंच झोपलेला. जो तो तीच एक बंदूक उचलतो. दुसऱ्यात पंच जागा. तिसऱ्यात फितूर. आणि चौथ्यात ज्याची बोटं चपळ, त्याचीच पोळी तुपात. तोल नाय राखला रे!"

खेळतानाही गळ्यात शिट्टी असतेच. समोरचा डावात पाऊल टाकतो न टाकतो तोच आपल्या संघातल्या कुणी त्याला टिपलं, की सर माइकवर शिट्टी फुंकतात. "जन्मल्या जन्मल्या मारतोस? लाज नाय वाटत?" नागपूरचा एक पोरगा तर "सॉरी सर" म्हणून निघूनच गेला.

अलीकडे मात्र सर बेचैन होते. सगळी दुनिया चौथ्या भागाकडे वळली आणि त्यांच्या लाडक्या दुसऱ्या भागात खेळायला माणसं जमेनात. मी पेणला नोकरीला. संध्याकाळी एसटीतून उतरलो की सर थांब्यावरच गाठायचे. "आज पण डाव लागला नाय." एकदा मी म्हटलं, "मग चौथा खेळा की!" तर आठवडाभर अबोला. मी म्हटलं, म्हातारपणचा हट्ट, दुसरं काय!

रविवारी बायकोने मालतीकाकूंसाठी पोह्याचे पापड दिले, ते घेऊन गेलो. मालतीकाकू म्हणजे सरांच्या पत्नी. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात साथ देत नाही. दार उघडंच होतं. बघतो तर काय, टीव्हीसमोर काकू, मांडीवर कंट्रोलर, आणि डावा अंगठा सराईतासारखा फिरतोय!

"दुसऱ्या भागात ढालवाला असतो," सर जरा ओशाळून म्हणाले. "त्याला नेम धरावा लागत नाय. ढाल घेऊन पुढे उभं राहायचं, मागचे लढतात. ही आमची ढाल. चौथ्यात ढालच काढून टाकलीनी. आता हिनं खेळायचं कुठं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घाईघाईने म्हटलं, "घ्या की चौथ्यात काकूंना, कच्चा लिंबू म्हणून." लहानपणी धाकट्यांना असंच घ्यायचो. पळू द्यायचं, आउट मात्र करायचं नाही.

काकूंचा चेहरा उतरला. "कच्चा लिंबूच झालीय मी. बहीण येते ती कप उचलू देत नाय. पोरगा फोनवर 'आई, बसून राहा' सांगतो. माझ्याशी कोणी भांडत पण नाय गेलं वर्षभर."

"कच्चा लिंबू नाय करायचा कोणाला," सर म्हणाले. "खेळात घेतलं तर बाद व्हायचा हक्क पण द्यायचा. चौथा गुपचूप उघडून बघितला मी, त्यात ढाल नाय, पण धुराचा डबा सापडलाय. एका बटणाचं काम. बघूया."

सरांनी दुसरा कंट्रोलर घेतला, टीव्हीचा अर्धा पडदा काकूंना दिला आणि डाव सुरू झाला. काकूंनी धूर सोडला, त्याच्या आडून सर आणि बाकीचे तिघे सुटले, आणि कुठल्याशा अनोळखी खेळाडूने काकूंना टिपलं. सरांनी कबड्डीच्या पंचासारखा हात वर केला. "बाद!"

"खरंच?" काकूंनी विचारलं.

"खरंच. त्याला ठाऊक पण नाय तू कोण ते. चांगला नेम धरून मारलान."

काकू खुदकन हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना आजारपणानंतर पाहिलंच नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं. सरांचं टीव्हीकडे लक्षच नव्हतं. ते काकूंकडे बघत बसले होते.

"तुम्ही काय बघताय?" काकू म्हणाल्या. "डाव लावा परत. त्या मेल्याला सोडत नाय मी."