भिंतीवरचं हळदीकुंकू

मंडळाच्या सभागृहातल्या चित्रातल्या बायकांनी सोमवारी सकाळी पाठ फिरवली, आणि संक्रांतीचं हळदीकुंकू तर त्याच शनिवारी होतं. अध्यक्ष श्रीरंग चौबळ हीटिंग चालू करायला आले, तेव्हा त्यांना भिंतभर अंबाडे दिसले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अंबाडेच होते, काहींवर गजरेही होते. चौबळ पेशानं दातांचे डॉक्टर, त्यामुळे समोरच्यानं तोंड दाखवायला नकार दिला तर काय करायचं याचा त्यांना अनुभव होता. त्यांनी जरा वाट पाहिली आणि मग चिटणीस अलका टिपणीसला फोन लावला.

अलकाच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे दुपारपर्यंत बातमी शैलाकाकू पाटणकरांच्या घरी पोचली. चित्र त्यांच्या लेकीनं, नूपुरनं काढलेलं होतं. आणि बायकांच्या मधोमध पाटावर बसलेली बाई म्हणजे खुद्द काकूच होत्या.

झालं होतं असं. एल्मफील्ड हे इंग्लंडच्या उत्तरेकडचं गाव. तिथल्या मराठी मंडळानं जुनी लायब्ररी घेऊन तिचं सभागृह केलं, तेव्हा एका भिंतीवर आपली संस्कृती दाखवणारं मोठं चित्र असावं असं ठरलं. नूपुर तिथेच जन्मलेली, आता लंडनला राहून चित्रांची प्रदर्शनं भरवणारी. काम तिला दिलं. तिनं हळदीकुंकू काढलं. पण काढलं कसं, तर साड्यांवर कार्डिगन आणि पायांत लोकरीचे मोजे. अलका म्हणाली, "आपल्या संस्कृतीत मोजे कुठे असतात?" नूपुर म्हणाली, "तुमच्या पायांत आहेत, अलकामावशी." अलकानं खाली पाहिलं आणि मोज्यांचा मुद्दा मागे घेतला.

मधल्या बाईचा मुद्दा मात्र मागे घेता येईना. तिचं कपाळ मोकळं होतं, यजमान वसंतराव गेल्यापासून काकूंचं असतं तसंच. समितीतले सगळे काकूंना मानणारे, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. त्यांनी अगदी हळुवारपणे सुचवलं, की त्या बाईला जरा स्वयंपाकघराच्या दाराशी घ्यावं, दरवर्षी तसंच तर असतं ना. नूपुर नाही म्हणाली. मग उगाच वाद नको म्हणून चौबळांनी रविवारी संध्याकाळी स्टुलावर चढून, बायकोच्या पाकिटातली एक टिकली काढून त्या कपाळावर चिकटवून टाकली. सोमवारी टिकली फरशीवर पडलेली होती, आणि पुढचं तर सांगितलंच.

समितीची तातडीची बैठक झाली. चित्रातल्या बायकांना निषेध करता येतो का, हा पहिला प्रश्न. मंडळाच्या घटनेप्रमाणे निषेध करायचा तर सभासद असावं लागतं, आणि चित्रातली एकही बाई सभासद नव्हती. खजिनदार म्हणाले, मग याला निषेध धरूच नये, नुसती पाठ धरावी. हे सगळ्यांना पटलं. पण शनिवारी गावच्या महापौरबाई यायच्या होत्या, त्यांना नुसती पाठ तरी कशी दाखवायची? चौघांनी मिळून चित्र उतरवलं आणि उलटं करून टांगलं. मागच्या कोऱ्या कॅनव्हासवरही पाठीच होत्या, फक्त डाव्या खांद्यावरचे पदर उजव्यावर गेले होते. ते बरं दिसत नाही असं ठरून चित्र पुन्हा सुलट केलं.

मंगळवारी चौबळ आणि अलका काकूंच्या घरी आले. नूपुर कार्यक्रमासाठी लंडनहून आली होती, तिनं चहा टाकला.

"काकू, तुम्हीच एकदा बोलून बघा त्यांच्याशी," चौबळ म्हणाले. "त्यातल्या एक तुम्ही आहात. घरच्या माणसाचं ऐकतील."

"मी काय बोलू?"

"एवढंच, की निदान महापौरबाई असेपर्यंत वळा. नंतर काही तक्रार असेल तर समिती सहानुभूतीनं विचार करेल."

"त्या का वळल्या, हे कुणी विचारलं का, काका?" नूपुरनं कप ठेवत विचारलं.

"अगं, विचारणार कुठे? तोंडच नाही समोर."

अलकानं कप बाजूला सारला. "नूपुर, तुला कळत नाही असं नाही," ती म्हणाली. "आम्ही आलो तेव्हा इथल्या दुकानांत साधी हळद मिळायची नाही. बरोबर जे आणलं ते जिवापाड जपलं, म्हणून आज हे मंडळ आहे. एकेक सोडत गेलो तर उरेल काय आपल्याकडे?" तिला खरोखरच ती भीती वाटत होती.

"पुण्याची मावशी तर हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावते. सरसकट. तिनं तर केव्हाच सोडलं."

"पुण्याला परवडतं," अलका म्हणाली. "तिथे काहीही सोडलं तरी ते पुणंच राहतं."

काकू उठल्या. "पुरे आता. मी जाते उद्या," त्या म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर नूपुर आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात आली. "म्हणजे तू त्यांच्या बाजूनं?"

"तू लंडनला परत जाशील, बाळा. मला इथेच राहायचंय. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा कुणी दिला? अलकानं. बाबांच्या वेळी हॉस्पिटलात रात्रभर कोण बसलं? हेच चौबळ."

"मग मी तुला मधोमध काढलं ते चुकलं का?"

काकूंनी कप विसळले, पुन्हा विसळले. "मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते," काकू म्हणाल्या. "तरी विचारायचं असतं."

बुधवारी दुपारी काकू सभागृहात गेल्या. चित्रासमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांना अवघडल्यासारखं झालं. पाठमोऱ्या बायकांना नमस्कार कुठून करायचा, तेच कळेना.

"बाहेर थंडी फार आहे का हो?" हिरव्या साडीतल्या बाईनं न वळता विचारलं.

"आहे तर. फुटपाथवर नुसता बर्फ झालाय."

"तरी आलात."

"मला पाठवलंय," काकू म्हणाल्या. "तुमचं म्हणणं काय आहे, ते विचारायला."

बायका आपसात कुजबुजल्या. बांगड्या वाजल्या. मग हिरवी साडी म्हणाली, "आमचं काही म्हणणं नाही. आम्हाला हळद मिळते, कुंकू मिळतं, वाण मिळतं. म्हणणं तुमचं आहे, शैलाताई. तुम्ही म्हणालात, की आम्ही वळू."

"माझं कसलं आलंय म्हणणं?"

काकूंनी मधलीकडे पाहिलं. तिचा अंबाडा बारीकसाच होता आणि त्यात काकूंचीच तपकिरी क्लिप होती. "तू तरी वळ गं," काकू म्हणाल्या. "तुला ठाऊक आहे सगळं."

"ती पहिली संक्रांत आठवते का तुला?" मधलीनं विचारलं.

आठवणार नाही तर काय. वसंतराव गेल्यानंतरची पहिली संक्रांत होती. काकू काळी चंद्रकळा नेसून गेल्या होत्या. दाराशीच अलकानं त्यांचे दोन्ही हात धरले, "काकू, आज खिचडी तुमच्याच हातची हवी," असं म्हणत प्रेमानं आत नेलं. काकू हरखूनच गेल्या. मग बाहेरून अत्तराचा वास आला, बायकांच्या हसण्याचा आवाज आला, आणि आपल्याला आत का आणलंय ते त्यांना कळलं. त्यांना फार वाईट वाटलं. कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढून वाफेत तोंड धरलं. पुढे दरवर्षी खिचडी त्यांच्याकडेच आली, आणि काकूंना खिचडीची भारी हौस आहे असं सगळे म्हणू लागले.

"मला कुंकू हवंय असं नाही," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हवंय. हवंच आहे मला. पण या वयात मागायचं कसं? आणि नाही म्हणाले, तर मग मी जाऊ कुठे? माझी माणसं आहेत गं ती."

"तेही खरंच," मधली म्हणाली. ती वळली नाही, पण पाटावर जराशी सरकून बसली.

अलका बाहेर गाडीत वाट बघत होती. "काय म्हणाल्या?" तिनं विचारलं.

"त्यांचं काही म्हणणं नाही म्हणतात," काकूंनी सांगितलं. हे शब्दशः खरं होतं. समितीला हायसं वाटलं. वाद तत्त्वतः मिटलेला आहे, राहता राहिल्या पाठी, असं चौबळांनी सगळ्यांना कळवलं.

शनिवारी महापौरबाई वेळेवर आल्या. चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सगळ्या जणी आपल्या दूरच्या मायदेशाकडे बघतायत हे किती हृदयस्पर्शी आहे. चौबळांनी आभार मानले.

काकू स्वयंपाकघरात खिचडी ढवळत होत्या. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, अत्तराचा वास आला. त्याच्या पाठोपाठ ऑइल पेंटचा वास आला, म्हणून काकूंनी वळून पाहिलं. दारात मधली उभी होती. राखी कार्डिगन, तेच मोजे, तेच मोकळं कपाळ. वॉशिंग मशीनमध्ये कार्डिगनचं एक बटण गेलं होतं, ते नूपुरनं चित्रातही गाळलं होतं हे काकूंच्या आत्ता लक्षात आलं.

"सरक, मी बघते," मधली म्हणाली आणि तिनं काकूंच्या हातातला डाव घेतला.

"जमेल तुला?"

"तुझ्याइतकं."

"मीठ अजून घातलेलं नाही."

"माहीत आहे मला. तू जा."

काकूंनी हात पुसले, पदर सारखा केला. त्यांना भीती वाटत होती, तरी त्या बाहेर आल्या. बायका अर्धगोलात बसल्या होत्या आणि अलका हळदीकुंकवाची कुयरी घेऊन एकेकीपुढे वाकत होती. चित्रातला मधला पाट रिकामा होता. नूपुर भिंतीला टेकून उभी होती. आईला पाहून ती पुढे यायला निघाली, मग जागीच थांबली.

"अलका, मलाही लाव," काकू म्हणाल्या.

चौबळ छताकडे बघू लागले.

"काकू," अलका म्हणाली, "तुम्हाला हवं असतं?"

"हो. पहिल्यापासून."

"कधी बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. दोघींचंही चुकलं."

अलकानं कुयरी दोन्ही हातांत धरली. "मला वाटायचं, मी तुम्हाला त्या अवघडलेपणातून वाचवते. बाकीच्यांचं बघत बसायला नको, म्हणून आत नेत होते हो मी."

"कळायचं गं मला. म्हणून तर राग नाही आला कधी. वाईट मात्र वाटायचं."

अलकानं बोट हळदीत बुडवलं, मग कुंकवात. तिचे डोळे भरून आले होते, त्यामुळे नेम चुकून थोडं कुंकू काकूंच्या नाकावर सांडलं. तेवढ्यात मागे बांगड्यांचा आवाज झाला. चित्रातल्या बायका वळून बसत होत्या. आतापर्यंत घातलेली मांडी मोडत, पदर नीट करत, एकमेकींना धक्का लागू न देता त्या वळल्या. हा कार्यक्रमाचाच भाग असावा असं वाटून महापौरबाईंनी टाळ्या वाजवल्या.

खिचडीला ऑइल पेंटचा किंचित वास होता, पण मीठ नेमकं पडलं होतं. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर काकू स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. मधली ओटा पुसत होती.

"ये गं, बस आता," काकूंनी हाक मारली.

ती बाहेर आली, चित्रात शिरली आणि आपल्या पाटावर बसली. आता काय करायचं याबद्दल घटनेत काही नव्हतं. खजिनदार म्हणाले, जिनं स्वयंपाक केला ती कार्यकर्ती, आणि कार्यकर्तीला सभासदाचा मान देता येईल. तसं ठरलं. अलका कुयरी घेऊन स्टुलावर चढली. पुढे केलेलं बोट तिनं मधेच थांबवलं.

"लावू का?" तिनं विचारलं.

मधलीनं विचार केला. तिनं काकूंकडे पाहिलं, मग नूपुरकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "मला असंच बरं वाटतं."

"बरं," अलका म्हणाली. तिनं बोटावरचं कुंकू परत कुयरीत झटकलं आणि मधलीच्या हातावर तिळगूळ ठेवला.

नूपुरनं त्या चित्राला पुन्हा ब्रश लावला नाही. मधलीच्या पदरावर खिचडीचा पिवळा डाग पडलाय, तो तसाच आहे. तिळगूळही तिनं अजून हातातच ठेवलाय. उन्हाळ्यात त्याला मुंग्या येतात, म्हणून चौबळ दर रविवारी स्टुलावर चढून फ्रेमभोवती खडूची रेघ ओढतात, आणि ओढण्याआधी तिला विचारतात.