नकार आला की नवा पार्ट

संपतदादाला एखाद्या मुलीकडून नकार आला की थोड्याच दिवसांत त्याच्या मोटारसायकलला नवा पार्ट बसतो. नेवाशाची मुलगी नाही म्हणाली, तेव्हा एअर फिल्टर बदलला. पारनेरकरांनी पत्रिका जुळत नाही असं कळवलं, त्यावर सायलेन्सर आला. संगमनेरच्या मुलीचं तर आधीच दुसरीकडे ठरलं होतं, तरी त्यांनी आम्हाला बोलावून पोहे खायला घातले. तो राग मोठा होता, म्हणून अख्खा कार्बोरेटर बदलला गेला. वस्तीवर गाडीचा नवा आवाज घुमला की आमची आई भाकरी थापता थापता विचारते, "आता कुठली व्हती गं?"

संपतदादा माझा चुलत भाऊ. राहुरीच्या अलीकडे, मुळेच्या कालव्याखाली आमची वस्ती आहे. त्याचा बागायती ऊस आहे, गाई आहेत, स्लॅबचं घर आहे. सुपारीचंही व्यसन नाही. वय छत्तीस, मुलगी बघायला जाताना बत्तीस. लग्न मात्र जमत नाही. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक वस्तीवर असा एकजण आहे. पूर्वी लोक त्यांना हसायचे, आता हसतही नाहीत.

मोटारसायकलमधलं मला फार कळत नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे पार्टच्या खोक्यातला इंग्रजी कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ओट्यावर गोणपाट अंथरून दादा गाडी उघडतो आणि मी पायरीवर बसून वाचते. कागदात लिहिलेलं असतं की हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. मी तेही वाचते. दादा म्हणतो, "ते सोड, पुढं वाच."

गाडी साधी, शंभर सीसीची. ती कंपनीने दिली तशी का ठेवायची नाही, याचं त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "दम लई हाय तिच्यात. कंपनीनं दाबून ठेवलाय." आणि मग हात पुसत, "स्टॉक गाडीकडं कोण बघतं गं, वर्षे?" एकदा कार्बोरेटरमध्ये नवा जेट बसवल्यावर गाडी इतकी पेट्रोल पिऊ लागली की दादाची आई, आमच्या काकू, म्हणाल्या, हिच्यापेक्षा म्हैस परवडली असती, दूध तरी दिलं असतं.

गेल्या हिवाळ्यात श्रीगोंद्याचं स्थळ आलं. मध्यस्थ मामांनी बजावलं होतं, की मुलाने चारचाकीतूनच उतरायचं. काकू, आमचे अण्णा आणि मामा जीपमध्ये बसले. शिकलेली मुलगी सोबत असली की बरं दिसतं, म्हणून मलाही घेतलं. दादा मात्र भाड्याच्या गाडीत बसेना. नगरच्या बायपासला तो आमच्या पुढे गेला आणि दिसेनासा झाला.

आमच्याकडची रीत अशी, की नवरा मुलगा वडीलधाऱ्यांच्या मागून, खाली मान घालून आत शिरतो. दादाच्या गाडीत इतका दम भरलेला, की तो आमच्या कितीतरी आधी एकटाच त्या दारात जाऊन उभा राहिला. वाटेत चेन सैल झाल्यामुळे हात काळे झालेले होते. त्या घरी नेमकी सकाळपासून बोअरची मोटर बंद होती आणि ते मेकॅनिकची वाट बघत होते. मुलीच्या भावाने दादाला काही न विचारता स्टार्टरच्या पेटीपाशी नेलं.

आम्ही पोचलो तेव्हा मामांनी अंगणातूनच विचारलं, मुलगा कुठाय. तो तुमच्याबरोबर येणार ना, असं मुलीचे वडील म्हणाले. तेवढ्यात पेटीमागून दादा उठला. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर काळ्या बोटांचे ठसे, हातात टेस्टर. मोटर सुरू झाली होती.

मी नंतर त्याला विचारलं, तू कोण ते सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, "एकट्यानं सांगायची गोष्ट हाय का ती? मी नवरदेव हाय म्हणून?"

मुलीनेच त्याला पाणी आणून दिलं होतं. मेकॅनिक समजून ती मोकळेपणाने बोललीही होती. गाडीचा एवढा आवाज कशाला काढलाय, असं तिने विचारलं. दादाने कंपनीने दम कसा दाबलाय ते समजावलं, तेव्हा ती खूप हसली. हे सगळं त्याने मला घरी आल्यावर दोनदा सांगितलं. परतीच्या वाटेवर तो आमच्या जीपच्या मागे हळूहळू येत होता. त्याला इतकं हळू चालवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

निरोप मामांनी आणला, तोही आनंदाची बातमी असल्यासारखा. मुलगा पसंत आहे, हुशार आहे, फक्त शेती नको. पुण्यात नाहीतर नगरला गॅरेज असतं तर डोळे झाकून दिली असती. काकूंनी मामांना चहा दिला आणि त्या गोठ्यात निघून गेल्या.

पुढच्या रविवारी दादाने मला हाक मारली. या वेळी पार्ट नव्हता. वजन कमी केलं की गाडी आणखी पळते, असा आपल्याच देशातल्या कुणाचा तरी इंग्रजी व्हिडिओ त्याने शोधला होता, आणि त्यातला माणूस काय सांगतो ते मी मराठीत सांगायचं होतं. आरसे निघाले. चेनचं कव्हर निघालं. मधला स्टँड काढताना तो खाली बघतच म्हणाला, "तुलाबी आता स्थळं यायला लागलीत म्हनं."

मी हो म्हणाले.

"शेतकरी केला असतास?"

आमच्या घरी नोकरीवालाच बघायचा हे ठरलेलं आहे. अण्णांनी ठरवलं, आईने ठरवलं आणि खरं सांगायचं तर मीही ठरवलं आहे. आईचे हात मी रोज बघते. त्याच्याशी खोटं बोलावंसं वाटेना.

"नाही, दादा."

"व्हय," तो म्हणाला. "मग त्यांचं तरी काय चुकलं. चौदाचा पाना दे."

मी पाना दिला. व्हिडिओतला माणूस पुढे सांगत होता, की मागे बसणाऱ्या बाईची साडी चाकात जाऊ नये म्हणून लावलेली साडीगार्डची जाळी तर काढाच, ते निव्वळ फुकटचं वजन आहे. मी तसं सांगितलं. दादाने ऐकलं नसेल असं वाटून पुन्हा सांगितलं.

त्याने फडकं घेतलं आणि जाळी पुसायला लागला. गाडीचं बाकी सगळं घासलेलं, खरवडलेलं, बदललेलं. काकू आवाजाला भिऊन त्या गाडीवर कधी बसल्याच नाहीत. त्या जाळीचा रंग शोरूममधून आणला तसाच होता. त्याने तिच्या बोल्टला पाना लावला. मला वाटलं, काढतोय. तो आवळत होता.

"पुढं काय म्हनतोय तो?" त्याने विचारलं.