वीस मतांची बेगमी

निवडणूक हरण्यात मास्तरांचा तिहेरी फायदा होता. पहिला म्हणजे, पालिकेच्या मंडईच्या जिन्याखालचं त्यांचं शिवणकामाचं दुकान कुठल्याही नकाशात नसूनही त्याला कुणी हात लावत नसे. दुसरा, पालिकेच्या साठ कर्मचाऱ्यांचे गणवेश दरवर्षी न चुकता त्यांच्याकडेच शिवायला येत. आणि तिसरा, उद्घाटन नळाचं असो की पुलाचं, पहिल्या रांगेतली शेवटची खुर्ची त्यांची ठरलेली. या सगळ्याच्या बदल्यात त्यांनी दर पाच वर्षांनी भाऊंच्या विरोधात उभं राहायचं आणि पडायचं. पडायला कष्ट नव्हते, आणि खरं सांगायचं तर शिवणकामापेक्षा ते काम त्यांना अंमळ बरं जमत होतं.

भाऊ म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक. ते पक्षाचे होते. कुठल्या पक्षाचे, हे त्या राज्यात कुणी विचारत नसे. पक्ष म्हटलं की एकच. मंत्रालयापासून वाचनालयाच्या समितीपर्यंत चौतीस वर्षं तोच बसलेला. फक्त समोर कुणी उभंच राहिलं नाही तर पेपरात 'बिनविरोध' असं छापून येई, आणि वरच्या लोकांना ते बरं दिसत नसे. लोकशाही नुसती असून भागत नाही, ती दिसली पाहिजे, असा वरूनच निरोप होता. तसा दुसराही एक पक्ष होता. जिल्ह्याच्या गावी त्याचं कार्यालय होतं आणि कार्यालयाला चांगलं दणकट कुलूप होतं. तिथून पोस्टाने उमेदवारीचा कागद येई, मास्तर त्यावर सही करत, आणि लोकशाही दिसू लागे.

हे असं सुरळीत चाललं असताना गेल्या निवडणुकीत मास्तरांना एक मत पडलं.

एकच. आणि त्यावर दावेदार दोन.

"ते माझं मत," बायको त्या दिवशीच म्हणाली.

"मग माझं कुठं गेलं? मी काय स्वतःला मत दिलं नसेन?"

"ते तुम्हाला ठाऊक आणि तुमच्या देवाला."

खरं काय ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. खोक्यासारख्या त्या आडोशात शिरल्यावर साठ पँटी डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि शिक्का आपोआप भाऊंच्या नावावर पडला. खाल्ल्या मिठाला जागणारा हात तो. पण नवरा झाला म्हणून काय सगळंच कबूल करायचं? पाच वर्षं ते एक मत त्या घरात उरलेल्या भाजीसारखं रोज ताटात येत होतं.

तेही निभलं असतं. पण यंदा मुलीचं लग्न ठरलं आणि होणारे व्याही निघाले जमिनीच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. प्रत्येक गोष्टीचा आकडा विचारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

"निवडणूक लढवता म्हणे!" व्याही खुर्ची पुढे ओढून म्हणाले. "वा! आमच्या घराण्यात असं कुणी नाही. साधारण किती मतं पडतात?"

"पडतात आपली... वीसपंचवीस."

"नक्की वीस की पंचवीस?"

"गेल्या वेळी जरा कमी पडली."

"या वेळी मोजणीला मी स्वतः येतो," व्याही म्हणाले. "आकडे बघायला मला फार आवडतात."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. बायको हसत होती.

आता वीस मतं आणायची कुठून? मास्तरांनी कापडाच्या टेबलावर खडूने हिशोब मांडला. माणसाच्या शब्दाचा भाव काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? 'मंगळवारी नक्की देतो' असं ते स्वतः दहा जणांना सांगत, तेव्हा मंगळवारी एकाचा कपडा तयार असे. म्हणजे दहा वचनांमागे एक खरं. वीस मतं हवीत, तर वचनं दोनशे घ्यायला हवीत. हिशोब इतका स्वच्छ होता की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

पण मिठाला जागायचं म्हणून आधी ते भाऊंकडे गेले.

"भाऊ, यंदा जरा वीसेक मतं घेतली तर चालतील का? व्याही येतायत मोजणीला."

भाऊ पोट धरून हसले. "अरे घे की! पंचवीस घे. मुलीचं कार्य आहे, त्यात काय विचारायचं? माझ्याकडून काही लागलं तर सांग."

मग मास्तर कामाला लागले. गिऱ्हाइकाच्या गळ्यात टेप पडली की ते कुठे पळत नाही, हा या धंद्याचा मोठा फायदा. पहिला सापडला बेकरीवाला.

"हात वर करा. श्वास रोखा. आणि एक मत माझ्याकडे टाका."

बेकरीवाल्याने श्वास सोडला. "मास्तर, काहीतरीच काय? भाऊंना काय वाटेल?"

"भाऊ येणारच आहेत हो निवडून. तुमच्या एकाच्या मतानं त्यांचं काय जातंय? माझी लाज राखा, बस. दया म्हणून."

"दया म्हणून?"

"दया म्हणूनच. कुणाला सांगू नका मात्र."

बेकरीवाल्याचा धुराड्याच्या परवानगीचा अर्ज दोन वर्षं भाऊंच्या घरात पडून होता. त्याने थोडा विचार केला आणि त्याचा चेहरा भट्टीचं दार उघडावं तसा उजळला. "दया करायला आपण कधी मागे नाही, मास्तर!"

पोस्टातल्या बाईंनी ब्लाउजचं माप देता देता एवढंच विचारलं, "हे मत भाऊंच्या विरोधात धरत नाहीत ना?"

"छे छे! हे फक्त माझ्या बाजूनं."

"मग हरकत नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या गल्लीतला दिवा चार अर्ज करूनही लागला नव्हता. जाताना त्या गाणं गुणगुणत गेल्या.

लाँड्रीवाल्याला तर मागावंही लागलं नाही. त्याच्या दारातलं गटार वर्षभर तुंबलेलं होतं. तो म्हणाला, "मास्तर, तुमची फार दया येते हो हल्ली. घरात पाच मतं आहेत, पाचांनाही येते."

टेबलाच्या कडेला खडूच्या रेघा वाढत गेल्या. दोनशे झाल्या तेव्हा बायकोने त्या मोजल्या.

"अहो, या सगळ्यांनी शब्द पाळला तर?"

"जगात आजवर कुणी पाळलाय?"

"मी पाळला होता," ती म्हणाली, आणि मास्तर घाईघाईने सुईत दोरा ओवू लागले.

मतदानाच्या दिवशी सकाळी मास्तर शाळेच्या फाटकाशी, नियमात बसेल इतक्या अंतरावर, उभे राहिले. बेकरीवाला बाहेर आला आणि डोळा मारून म्हणाला, "काम झालं." पोस्टातल्या बाई खोकल्या. खोकला नसताना खोकल्या. लाँड्रीवाला पाच जणांची रांग घेऊन आला आणि पाचही जणांनी जाताना मास्तरांची पाठ थोपटली. मास्तर खूष. नऊपर्यंत वीस डोळे मारून झाले होते, म्हणजे निदान दोन मतं खरी.

बारापर्यंत साठ डोळे मारले गेले. दोनपर्यंत एकशे तीस. मास्तरांनी हिशोब पुन्हा केला, तो बरोबरच आला, पण घाम थांबेना. माणूस खोटं बोलतो हे ठीक. पण खोटं बोलून झाल्यावर इतका आनंदी दिसतो का?

रांगेत अजून माणसं होती. मास्तर त्यांच्यापुढे हात जोडत सुटले.

"हे बघा, मला नका देऊ. पुरे झाली. भाऊंना द्या. भाऊ चांगले आहेत."

"ऐकलंत?" रांगेतले एक आजोबा शेजारच्याला म्हणाले. "याला म्हणतात माणूस. स्वतः उभा आहे आणि दुसऱ्याला द्या म्हणतोय. मी पक्षालाच देणार होतो. आता याला देतो."

"अहो आजोबा, नको! पाया पडतो!"

"आणि नम्र किती!" शेजारचा म्हणाला. त्याचंही ठरलं.

मास्तर धावत आत गेले आणि आपलं मत भाऊंना ठोकून आले; शिक्का असा दाबला की कागद फाटायचा राहिला. मग घर गाठलं. बायको चपला घालत होती.

"हे बघ, भाऊंना दे. मुलीची शपथ."

"पाच वर्षं माझं मत स्वतःच्या नावावर खपवलंत," ती पदर खोचत म्हणाली. "या वेळी ते मोजून दाखवणार मी." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी झाली. व्याही पहिल्या बाकावर वही-पेन्सिल घेऊन. भाऊ सवयीने जरा उशिरा आले, तेव्हा अधिकारी दुसऱ्यांदा मोजत होता. मग त्याने तिसऱ्यांदा मोजलं. मग चष्मा पुसून उठला.

"भाऊ, दोनशे दहा. मास्तर, दोनशे अकरा."

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही, कारण अशा वेळी कुणी वाजवायची हे चौतीस वर्षांत ठरलेलंच नव्हतं. अधिकाऱ्याची वेगळीच पंचाईत. विजयाच्या प्रमाणपत्रावर पक्षाचं नाव वरूनच छापून आलेलं. त्याने ते पट्टी लावून खोडलं, शेजारी बारीक अक्षरात दुसऱ्याचं लिहिलं आणि दोघांची क्षमा मागितली.

"आधी मागितलेली दोनशे," मास्तर पुटपुटले, "आणि पडली दोनशे अकरा. म्हणजे न मागता अकरा!"

"एका मतानं!" व्याही वही मिटून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मोजमाप असावं तर असं. इंचभर इकडं नाही, इंचभर तिकडं नाही. व्याही, मानलं तुम्हाला!"

संध्याकाळच्या आत पालिकेचा कारकून जिन्याखाली आला. आवाजात नवा आदर होता, त्यामुळे बातमी जास्तच जिव्हारी लागली.

"साहेब, नगरसेवकाला पालिकेचं काम घेता येत नाही. गणवेशांच्या मापांची वही द्या. शिवाय पालिकेच्या जागेत दुकानही ठेवता येत नाही. महिनाभरात हलवा, असं आहे नियमात."

"हा नियम आजवर कुठं होता?"

"होता की. तुम्ही पडत होतात."

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला घराचं दार वाजलं. बेकरीवाला होता, आणि त्याच्यामागे जिना भरून माणसं.

"मास्तर, धुराड्याचं काय झालं?"

"अहो, तुम्ही तर दया म्हणून मत दिलं होतं!"

"केली ना आम्ही दया? आता तुम्ही करा."

लाँड्रीवाल्याने पुराव्यादाखल गटारातलं काही बाटलीत भरून आणलं होतं. पोस्टातल्या बाई रजा टाकून आल्या होत्या. बायकोने एकवीस कप चहा टाकला, तो संपला, पुन्हा टाकला.

दहाच्या सुमाराला गर्दीतून वाट काढत भाऊ आले. मास्तरांनी त्यांचे हातच धरले.

"भाऊ, गळ्याशपथ, मी माझं मत तुम्हालाच दिलं!"

"आणि मी तुला," भाऊ म्हणाले. "म्हटलं, याच्या मुलीचं कार्य आहे, आकडा जरा भरीव दिसावा."

मास्तरांनी मनातल्या मनात दोन्ही मतं ज्याची त्याला परत करून पाहिली. तरी दोनशे अकरा आणि दोनशे दहाच.

"म्हणजे आपल्या दोघांचा काही दोष नाही," मास्तर म्हणाले. "मग ते एक मत फिरवलं कुणी?"

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझ्या वहिनीनं. काल रात्री कबूल केलं. म्हणाली, लग्न होऊन आले त्या दिवसापासून सकाळी दारात माणसं. एकदा तरी तुमच्यासमोर बसून गरम चहा प्यायचा होता." भाऊ गालातल्या गालात हसले. "आज प्यायलो. खरं सांगू? आमच्याकडे चहा चांगला करतात, हे मला माहीतच नव्हतं."

चौथ्या दिवशी मोटारीतून पक्षाची तीन माणसं आली.

"अभिनंदन! लोकांनी निवडून दिलेल्या माणसांची पक्षाला फार गरज आहे."

"पण मी तर विरोधी..."

"ते निवडणुकीपुरतं असतं हो. सही इथं."

मास्तरांनी जिल्ह्याच्या कार्यालयाला सहा वेळा फोन केला. घंटा वाजत राहिली. शेवटी त्यांनी सही केली. पक्षाच्या माणसांनी कागदाची घडी खिशात घातली, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा पडलेलं भोक चार दिवसांत रफू झालं.

तर झालं ते असं. पक्षाची एक जागा गेली होती, ती परत आली. त्यांचं वाकडं काही झालं नाही. दोनशे अकरा जणांनी जन्मात पहिल्यांदा पक्षाला पाडलं, त्या एका दिवसाची मजा त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. बाकी वॉर्डाला मिळाला त्याच पक्षाचा नगरसेवक, फक्त कुठल्या साहेबाला फोन लावायचा हे ठाऊक नसलेला. व्याह्यांनी निकालाच्या कागदाला चौकट करून घेतली. गणवेशांचं काम पुढच्या चौकातल्या शिंप्याकडे गेलं. भाऊ आता आठला उठतात, त्यांच्या बायकोचा चहा गरम असतो. हरलेल्याला एकूण फायदाच फायदा झाला. सगळा भुर्दंड बसला तो निवडून आलेल्याला, आणि सकाळी सहापासून त्याच्या घरात चहा गाळणाऱ्या त्याच्या एकमेव प्रामाणिक मतदाराला.