कणकेचं झाकण

समरकंदच्या अलीकडच्या आमच्या मोहल्ल्यात नॉर्मत नानवाईच्या हाताची रोटी एक नंबर, यात वाद नाही. पण ज्याला कणीक वश झाली त्याला जगातलं सगळं जमतं, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली होती. त्यामुळे त्या वर्षी द्राक्षं उतरल्याबरोबर त्याने जाहीर करून टाकलं, की यंदा शिरका, म्हणजे द्राक्षांचं व्हिनेगर, मी घालणार.

बायको सलोमत वीस वर्षं शिरका घालत आली होती. चुरडलेली द्राक्षं रांजणात भरायची, तोंडाला पातळ फडकं बांधायचं आणि तुतीच्या काठीने रोज ढवळायचं. नॉर्मतला ते फडकं कधीच पटलं नव्हतं. "अगं, अर्धा आंबटपणा त्या फडक्यातून उडून जातो. आता बघ माझी करामत!" असं म्हणून त्याने रांजणाच्या तोंडावर दोन बोटं जाड कणीक थापली, आणि हातासरशी मधोमध रोटीवर मारायचा आपला ठसाही हाणला. मधे फूल, भोवती नाव आणि दुकानाचा फोन नंबर.

रांजण आठवडाभर आतून गुरगुरत होता. ताकद धरतोय, असं नॉर्मत येईल-जाईल त्याला सांगत सुटला. वास काही वेगळाच येतोय, असं सलोमत एकदा चाचरत म्हणाली, तर त्याने तिला रांजणाजवळ फिरकायचीच बंदी केली. तंदूरपुढे पंचवीस वर्षं बसून त्याचं स्वतःचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं.

चाळिसाव्या दिवशी त्यांच्या लेकीला, मुख्लिसाला, मागणी घालायला पाहुणे यायचे होते. मुलगा मुख्लिसाला मनापासून आवडला होता. आता त्याच्या आजोबांनी दस्तरखानावरची, जेवणासाठी अंथरलेल्या कापडावरची, रोटी मोडली, की सोयरीक पक्की. आजोबा म्हणजे मशिदीतले मौलवी याह्यो दोम्ला, अख्खा गाव ज्यांच्यासमोर खाली मान घालतो ते. अशा घरात आपली पोर जाणार म्हणून नॉर्मत आठ दिवस जमिनीवर नव्हता.

पाहुण्यांना मध आणि शिरक्याचं सरबत द्यायचं त्याने ठरवलं. सकाळी झाकण अख्खंच्या अख्खं उचकटून बाजूला ठेवलं आणि सरबत चाखून पाहिलं. म्हणावं तसं आंबट लागेना. मग शिरका दुप्पट घातला. तरी लागेना, तेव्हा पाणीच घालायचं बंद केलं.

मुलाचा काका खिदिर याने पहिला प्याला एका दमात संपवला. दुसऱ्याला वाहवा केली. तिसऱ्यानंतर तो नॉर्मतच्या गळ्यात पडला आणि लग्नात आपण कसं नाचणार ते बसल्या जागी दाखवू लागला. दोम्लांनी प्याला नाकापाशी नेला आणि न पिता खाली ठेवला.

"नॉर्मत, हा शिरका नाही. शिरक्याच्या वाटेवर जे लागतं, ते आहे हे. हवा कोंडून रांजणाचं तोंड कुणी बंद केलं होतं?"

नॉर्मतला दरदरून घाम फुटला. दोम्लांच्या घरच्या माणसाला त्याने आपल्या हाताने, आग्रह करकरून दारू पाजली होती! आणि त्या क्षणी त्याच्या तोंडून जे निघालं, त्याची लाज त्याला आजही वाटते.

"हिने हो, दोम्ला. फडकं बांध म्हणून शंभरदा सांगितलं, पण ऐकेल तर शपथ."

दारात चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या मुख्लिसाने बापाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. दोम्लांनी रांजण बघायला मागितला. सलोमतने तो आणला आणि शेजारी ताट ठेवलं. ताटात वाळून टणक झालेलं झाकण होतं.

दोम्लांनी झाकण उचललं आणि मोडायच्या रोटीशेजारी ठेवलं. तेच फूल, तेच नाव, तोच नंबर.

"सलोमत, रोट्याही तूच भाजतेस का गं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"नाही, दोम्ला. रोट्या यांच्या."

जमीन दुभंगली असती तर नॉर्मत आनंदाने आत गेला असता. लेकीच्या डोळ्यांतलं पाणी त्याला दिसलं, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला. झाकण मीच लावलं, तिचा काडीचा दोष नाही, घाबरलो आणि खोटं बोललो, असं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. बायकोकडे बघायचा मात्र धीर झाला नाही.

दोम्लांनी झाकण परत ताटात ठेवलं. मग म्हणाले, "फडकं बांध. होईल शिरका, वेळ लागेल. आणि पोर आईवर गेलीय, हे आमचं नशीब." आणि त्यांनी रोटी मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा फोन वाजला. पलीकडे काका खिदिर, आवाज अगदी खाली.

"नॉर्मतभाई, झाकणावरचा नंबर तेवढा लक्षात राहिला बघा. रोटी नकोय हो. ते कालचं... थोडंफार उरलंय का?"

नॉर्मतने मागे पाहिलं. सलोमत रांजणाला फडकं बांधत होती.

"आमच्याकडे फक्त शिरका मिळतो," तो कसाबसा म्हणाला, "आणि तो घालते ही. मला विचारू नका."