मधलं वगळून कराटे

जपानमधल्या ओकिनावाचं कराटे नमस्काराने सुरू होतं आणि नमस्काराने संपतं, हे खरवईच्या जयदेव सरांना पूर्ण मान्य होतं. तक्रारी होत्या त्या फक्त मधल्या भागाच्या. मधे मुलं पडतात, चष्मे फुटतात, पालक भांडतात. तेव्हा यंदाच्या बेल्ट परीक्षेतून त्यांनी, मूळ तत्त्वाला कुठेही धक्का न लावता, मधलं काढून टाकलं. उरला वाकून करायचा नमस्कार. जो आधी ताठ होईल तो अहंकारी, सबब नापास.

सईला ब्राऊन बेल्ट हवा होता. त्यासाठी तिने वर्षभर गच्चीवर काता घोटला होता. काता म्हणजे समोर कुणी नसताना एकटीने करायची ती लढत. आता तो कुणी बघणारच नव्हतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये तिच्यासमोर पालेगावची प्रगती आली. दोघी कमरेत वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. पंचांनी घड्याळ पाहिलं, मग चहा मागवला. सईला दिसत होती फक्त सतरंजी आणि प्रगतीचे अंगठे.

"उठ ना यार," प्रगती पुटपुटली.

"मी का? माझी मम्मी व्हिडिओ काढतेय."

"माझे पप्पा लाइव्ह आहेत. अख्खं पालेगाव बघतंय."

तेवढ्यात सईच्या मम्मीने जाहीर केलं की आमची मुलगी चार बोटं जास्त वाकलीय. प्रगतीच्या पप्पांनी टेप मागवली. कुणाची नम्रता मोठी यावरून हमरीतुमरी झाली, दोन खुर्च्या मोडल्या. परीक्षेतून काढून टाकलेलं मधलं असं प्रेक्षकांत सापडलं.

"एकदम उठायचं?" सई म्हणाली.

"आणि मग?"

"मग खाली जाऊ. मी तुला माझा काता दाखवते."

दोघी एकदम उठल्या.

सर गंभीर झाले. दोन उमेदवारांनी संगनमताने ताठ होणं हा सामूहिक अहंकार ठरला. दोघी नापास. नम्रता चषक सोफ्यावर बसलेल्या प्रमुख पाहुण्यांना, बिल्डर दिनानाथशेठना, देण्यात आला. शेठ कुणापुढे वाकले नव्हते. पण एवढा मोठा माणूस एवढ्याशा हॉलमध्ये आला, याहून खाली माणसाने यावं तरी किती?

पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधल्या जागेत, सईने काता केला. आधी नमस्कार, शेवटी नमस्कार, आणि मधलं सगळंच्या सगळं. बघायला एकटी प्रगती. बाकीची मंडळी वर शेठना भेटायला रांगेत उभी होती. खोटं वाटत असेल तर सईच्या मम्मीचा व्हिडिओ बघा, तो वर चालूच होता. शेठच्या बुटांपर्यंत वाकलेले, रांगेतले पहिले, ते तुम्हीच ना?