गणूमामा म्हणतात, पडणार!

आमच्या आष्ट्यात मोठ्या कुस्तीआधी पैलवानाला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे वस्तादाचा हात पाठीवर. आणि दुसरी म्हणजे गणूमामा टेलरांनी चारचौघांत म्हणणं, "हा पडतोय. लिहून ठिवा."

एवढं झालं की पैलवानाच्या घरचे निवांत होतात. कारण मामांनी ज्याला पाडलं तो जिंकतो. पावसाचा अंदाज कधी चुकतो, कधी बरोबर येतो. ऊसतोडीच्या तारखेचंही तेच. पण मामांच्या चुकण्यात चूक नाही. एकदा एक पैलवान त्यांच्या दुकानाबाहेर दोन तास बसून होता. "मामा, मला पडणार म्हणा की." मामा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "तू जिंकशील बाबा. जा घरी." गडी रडकुंडीला येऊन गेला आणि रविवारी चार मिनिटांत पडला.

माझा आणि मामांचा शेजार आहे. मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. बापानं माझ्यासाठी आडनावाशिवाय काही ठेवलं नव्हतं. आज रस्त्याला लागून दोन गाळे आहेत. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, हे मी कबूल करतो. सौद्यात मी कुणाला हार जात नाही, हेही कबूल करतो. तिसऱ्या गाळ्यात मामा. मधे एकच भिंत, त्यामुळं दिवसभर त्यांच्या मशीनची खडखड आणि भाकितं दोन्ही मला फुकट ऐकावी लागतात.

मामांचं वजन पन्नास किलोच्या वर कधी गेलं नाही. लाल मातीत त्यांनी उभ्या जन्मात पाय ठेवलेला नाही. शर्ट-पँट शिवणं त्यांनी कधीच सोडलं. शाळेचे गणवेश शिवतात ते पोटासाठी, आणि पैलवानांचे लंगोट-जांगिये शिवतात ते जीवासाठी. गळ्यात टेप, कानावर खडू. कुस्तीबद्दल कुणी वाद घातला तर एकच उत्तर, "मी मापाचा माणूस हाय गड्या. मी मापातच बोलतो."

माप घ्यायच्या निमित्तानं सगळे नामांकित पैलवान त्यांच्या टेपखालून गेले, असा त्यांचा दावा आहे. नावं मी लिहीत नाही. त्यांचे चेले अजून धडधाकट आहेत आणि माझ्या दुकानाचा पत्ता सगळ्यांना ठाऊक आहे. पण उत्तरेकडच्या त्या एका महाबलीची गोष्ट सांगतोच. मैदानाच्या दिवशी सकाळी त्याचा जांगिया फाटला आणि त्याला मामांकडं आणलं.

"दारातनं आत येताना उजेडच गेला," मामा सांगतात. "कंबरंला टेप लावली. साठ इंच. टेप संपली, पर पैलवान संपंना! मग नाडीचा तुकडा जोडला. त्यो म्हणतोय, 'दर्जी, डर लगता है?' मी म्हणलं, 'तुमचा न्हाई जी. टेप तुटंल ह्याचा.' हसला, आन पाठीवर अशी थाप मारली, अशी मारली, की थंडीत अजून दुखतीया."

पहिल्यांदा मी ही गोष्ट ऐकली तेव्हा त्या पैलवानानं दुकानात बसून पन्नास बदाम खाल्ले होते. आता ते अडीचशेवर गेलेत.

मामांचा खरा दरबार समोरच्या चहाच्या टपरीवर भरतो. तिथं खतवाले भरमूअण्णा असतात. अण्णा जैन, घरात मुंगीसुद्धा पाय जपून टाकून वाचवतील, पण कुस्तीला बसले की "मोड त्याला! मोड!" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडतात. मधे एकदा त्यांनी मोबाइलवर परदेशातली बॉक्सिंगची मोठी लढत लावली आणि मामांना निकाल विचारला. मामांनी आधी कपडे तपासले.

"चड्डी बघा की, गुडघ्यापत्तूर. ह्येनं लढायचं का झोपायचं?"

"मामा, त्यो बारका हाय न्हवं, त्यानं चड्डीवर आईचं नाव लिहून घेतलंय म्हणं," अण्णा म्हणाले.

मामांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ त्या शिलाईकडं बघितलं. "आईचं व्हय? मग बारका पडणार. लिहून ठिवा."

बारका जिंकला. टपरीवर हशा पिकला. मी हसलो नाही.

का हसलो नाही, ते सांगतो. मामांची शेकडो भाकितं चुकली. आयुष्यात एकच बरोबर आलं, आणि ते माझं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. तालमीत माझं नाव होतं. गावच्या जत्रेत खंडाळ्याकडच्या एका पोराबरोबर माझी कुस्ती लागली, आयुष्यातली पहिली मोठी. लंगोट मामांनीच शिवला. तो हातात देताना सहा माणसांसमोर म्हणाले, "शिवा पडतोय. तिसऱ्या मिनिटाला. लिहून ठिवा." सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. आणि जत्रेत, हलगी कडाडत असताना, तिसऱ्या मिनिटाला मी आभाळ बघितलं.

पुन्हा मातीत उतरलो नाही. लोक काय म्हणायला लागले असतील याचा विचार करा. "मामांनी पाडलेले समदे उठले, एकटा शिवाशेठ तेवढा झोपला." सव्वीस वर्षं हे ऐकतोय. गिऱ्हाइकासमोर ऐकतोय. म्हणून मामांचं प्रत्येक भाकीत मी खोडून काढत आलो, आणि टपरीवर त्यांच्या बाकावर कधी बसलो नाही. समोरच्या बाकावर बसतो.

यंदा कडेगावकडच्या मैदानात बिरूची कुस्ती ठरली. बिरू पूर्वेकडच्या दुष्काळी भागातला, धनगराचा पोर. मेंढरांमागं चालून चालून पायांत लोखंड भरलेलं. तीन वर्षांपूर्वी इथल्या तालमीत आला. सकाळी मेहनत झाली की मामांच्या दुकानात येऊन बसायचा. बोलायचा कमी, बटणं लावायचा जास्त. समोर उत्तरेकडचा पैलवान होता, बिरूहून वीस किलोनं जड. बिरू जिंकला तर मोठ्या तालमीत जागा पक्की. हरला तर घरचे त्याला परत न्यायला टपलेलेच होते.

मैदानाच्या आदल्या दिवशी टपरीवर मामा म्हणाले, "बिरू पडतोय. सातव्या मिनिटाला."

लोकांनी टाळ्याच वाजवल्या. अण्णांनी सगळ्यांना चहा सांगितला. माझं मात्र डोकं सटकलं. सातव्या मिनिटाला! माझ्या वेळी तिसऱ्या, आता सातव्या. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आणि हे घड्याळ लावून बसलेत.

"मामा," मी ओरडलो, "लय झालं! ह्या पोराचं माझ्यासारखं झालं तर? आज सौदा करू. बिरू जिंकला, तर तुमी पाच वर्सं कुस्तीवर तोंड उघडायचं न्हाई."

मला वाटलं, आता दोन वर्षांवर आणतील, मग मी तीन म्हणेन, अडीचवर ठरेल. मामांनी गळ्यातली टेप काढली, बोटाला गुंडाळली, आणि म्हणाले, "पाच नगं. जल्मभर."

"काय?"

"बिरू जिंकला तर मी मरंपत्तूर कुणाची कुस्ती सांगणार न्हाई. झाला सौदा."

हजार सौदे केले असतील मी. समोरचा माणूस स्वतःच्याच नुकसानीची बोली वाढवतोय, असं कधी पाहिलं नव्हतं. तिथंच मला थांबून विचार करायला हवा होता. पण रागात माणूस फायदा बघतो, मापं बघत नाही.

दुसऱ्या दिवशी मामांना माझ्याच जीपमधून नेलं. हरल्यावर त्यांचं तोंड मला जवळून बघायचं होतं. मैदान फुललं होतं. बरोबर आलेल्या अण्णांसह आम्हाला पुढं जागा मिळाली, आणि मामा मातीकडं पाठ करून बसले. तोंड उसाच्या रसाच्या गाड्याकडं.

"मामा, कुस्ती हिकडं हाय."

"तू सांग. मी ऐकतो."

झक मारत मी सांगायला लागलो. सलामी झाली. दोघं खडाखडी करतायत. बिरूनं पट काढायचा, म्हणजे खाली वाकून समोरच्याचा पाय ओढायचा प्रयत्न केला, फसला. पाच मिनिटं झाली. मग त्या जड गड्यानं कब्जा घेतला आणि बिरूला खाली दाबला.

"मान कशी हाय?" मामांनी विचारलं.

"वर हाय."

"वरच हाय न्हवं?"

"वर हाय म्हणतोय की!"

सहावं मिनिट. सातवं. मामांनी माझं मनगट धरलं. पन्नास किलोचा माणूस, पण हाताला घड्याळाचा वळ उठला. सातवं सरलं. आणि आठव्यात बिरू खालून असा निसटला, की मलाच कळलं नाही. मागं गेला, घिस्सा डाव मारला, आणि तो डोंगर उताणा! फेटे उडाले. मी उभा राहून काय ओरडत होतो ते मला आठवत नाही; अण्णा म्हणतात, लिहिण्यासारखं नव्हतं.

मामा वळले नाहीत. टोपी काढून तोंड पुसत होते. रसवाल्याला वाटलं, म्हातारा हरला. त्यानं एक ग्लास फुकट दिला.

मातीनं भरलेला बिरू गर्दीतून थेट आला आणि मामांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मामा, तुमचा काळा टाका!"

"गप रं," मामा म्हणाले.

"कसला टाका?" मी विचारलं.

"आवं, तुमाला ठावं न्हाई? मामांचा जीव ज्याच्यावर असतो, त्याच्याच लंगोटाला आतनं एक काळा टाका घालत्यात. दिष्ट लागू नये म्हणून. आन त्यालाच चारचौघांत पडणार म्हणत्यात. जिंकणार म्हणलं की नजर लागती. काल मला कळलं, मामा म्हणले बिरू पडतोय, तवा कुटं मला झोप लागली."

"गप म्हणलं न्हवं तुला!" मामा आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये अण्णा एकटेच बोलत होते. मी गाडी चालवत होतो आणि मामा टेपची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते.

घरी आल्या आल्या मी माळ्यावरची पेटी काढली. बायको म्हणाली, "आता काय विकायला काढलं?" पेटीच्या तळाशी माझा लंगोट होता. सव्वीस वर्षांत टाकून का दिला नाही, हे मला सांगता येणार नाही. लाल रंग विटला होता. मी खिडकीशी नेऊन आतली शिवण उलटी केली. कंबरेच्या पट्टीला, डाव्या बाजूला, काळा टाका होता. जोंधळ्याच्या दाण्याएवढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा न उघडता मी मामांच्या दुकानात गेलो आणि लंगोट मशीनवर ठेवला. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अजून ठिवलायस व्हय?"

"मामा," मी म्हणालो, "त्या दिवशी पट काढताना मी मान खाली घातली. वस्तादांनी शंभरदा सांगितलं होतं, घालू नको. माझ्या चुकीनं पडलो मी." हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. मातीत पडल्या पडल्या ठाऊक होतं. पण मामांवर ढकलणं सोपं होतं, आणि सोपा सौदा मी सोडत नाही.

मामांनी मान हलवली. "न्हाई रं शिवा. जत्रंची घाई व्हती. टाका सैल पडला माझा. सव्वीस वर्सं त्योच डोक्यात हाय. म्हणून तर तू शिव्या देतोस तवा मी गप ऐकतो."

"टाका घट्ट हाय. ओढून बघा."

"सैल हाय."

"आवं घट्ट हाय म्हणतोय न्हवं!" माझा आवाज चढला. "मान माझी खाली गेली!"

"मान जाईल न्हाई तर काय! टाका सैल असल्यावर मान जाणारच की!"

टपरीवरून भरमूअण्णा धावत आले. त्यांना वाटलं, आज हाणामारी होणार. आम्ही दोघंही आपापली चूक सोडायला तयार नव्हतो. अर्धा तास घासाघीस चालली. मी निम्मी-निम्मी म्हटलं, तरी मामा ऐकेनात.

शेवटी त्यांनी गळ्यातली टेप काढली. "हात वर कर."

"आता कशाला?"

"वर कर म्हणलं न्हवं."

मी हात वर केले. माझ्या पोटाभोवती टेप फिरवताना मामांची टोपी माझ्या छातीला लागली. त्यांनी आकडा बघितला, पुन्हा बघितला.

"टेप संपाय आली," ते म्हणाले.

मग त्यांनी दाराबाहेर नजर टाकली. टपरीवर सात-आठ जण चहा पीत होते. जन्मभर तोंड उघडणार नाही, हा शब्द लागू होऊन अजून एक दिवसही झाला नव्हता. मामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्या शिवाची कुस्ती कुणासंगं बी लावा. पडणार! लिहून ठिवा."

टपरीवर हशा पिकला. मी बाहेर आलो, मामांच्या बाकावर बसलो, आणि चहा सांगितला.

लिहून ठेवलं, मामा.