टोमॅटोच्या वाफ्यातली स्वीडिश छावणी

लग्नाची अंगठी हरवायला झेनॉन व्रुब्लिकने अख्ख्या पोलंडमधली सगळ्यात अडचणीची जागा शोधून काढली. ती म्हणजे त्याचा स्वतःचा टोमॅटोचा वाफा.

थंड सोफीचा दिवस, म्हणजे थंडीचा शेवटचा तडाखा, उलटल्याशिवाय क्रास्नोगुरा गावात कुणी टोमॅटो लावत नाही. मेच्या पंधरा तारखेला तो उलटला आणि सोळाला झेनॉन नदीकाठच्या बागेत हजर झाला. तेवीस रोपं लावली, खाजऱ्या पाल्याचं आंबवलेलं खतपाणी मुळाशी ओतलं आणि बुळबुळीत हात घेऊन नळावर गेला. हात स्वच्छ झाले. उजव्या हाताचं एक बोट तर जरा जास्तच स्वच्छ झालं होतं.

महिन्याभराने त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. भर चर्चमध्ये पाद्रीबाबा दोघांच्या अंगठ्यांना पुन्हा आशीर्वाद देणार होते. त्याच्या बायकोने, बोझेनाने, निळा पोशाख शिवायला टाकला होता आणि तिच्या चारही बहिणी येणार होत्या. बायकोला सरळ सांगून टाकावं, असं त्याच्याही मनात आलं. पण याआधी त्याने दोन छत्र्या, गाडीच्या किल्ल्या आणि एकदा क्राकूव स्टेशनवर सासूबाईंना हरवलं होतं. यादी आणखी वाढवायची त्याची छाती होईना. त्याने बोटाला पट्टी बांधली आणि घरी "मधमाशी चावली" म्हणून सांगितलं.

खेड्यातल्या मावसभावाकडे धातू शोधायचं यंत्र होतं. त्याने ते दिलं, पण बजावलं, "कागद हातात असल्याशिवाय चालवू नकोस. खजिनाचोर म्हणून आत टाकतात हल्ली."

झेनॉन पडला सरळमार्गी माणूस. तो पुराणवस्तू खात्याच्या कचेरीत गेला. तिथल्या निरीक्षक उर्सुलाबाई ग्मेरेक यांनी टेबलावर नकाशा पसरला. शोधायला बंदी असलेली जागा लाल रंगवली होती आणि अख्खं क्रास्नोगुरा देवीचा रोगी असावा तसं लालेलाल होतं.

"तुमची बाग कुठली?"

"नदीकाठची, सतरा नंबर."

"ती तर गडद लाल आहे. सोळाशे पंचावन्नमध्ये स्वीडिश फौजेची छावणी होती तिथे. खजिन्याचा पेटारा पुरलेला असण्याचीही शक्यता आहे."

ही छावणी झेनॉनच्याच डोक्यातून निघाली होती. तो गावात पर्यटकांना हिंडवून माहिती सांगायचं काम करायचा. बारा वर्षांपूर्वी एका पावसाळी दुपारी किल्ला बंद होता आणि बसभर पेन्शनरांना काहीतरी बघायचंच होतं. तो त्यांना नदीवर घेऊन गेला आणि मोकळ्या कुरणावर त्याने स्वीडिश फौज उतरवली. लोकांना ती फौज फार आवडली. नगराध्यक्षांनी तिथे फलक लावला आणि झेनॉनकडून एक पुस्तिका लिहून घेतली. तिला अकरा तळटीपा होत्या आणि त्यातल्या चार एकमेकींचा हवाला देत होत्या. आता गावात स्वीडिश सूप मिळतं, स्वीडिश आइस्क्रीम मिळतं, फक्त स्वीडिश माणूस तेवढा कुणी पाहिलेला नाही.

"मग परवानगी असलेल्या जागा कुठल्या?" त्याने विचारलं.

"तीन आहेत. कचऱ्याचं मैदान, सुपरमार्केटचं पार्किंग आणि सांडपाण्याच्या टाक्यांमागची पट्टी."

"पण बाई, अंगठी तिथे पडली नाही."

"नसेल. पण तिथे शोधता येईल."

"माझ्या बागेसाठी अर्ज केला तर?"

"करा ना. काय शोधणार ते लिहा. पुराणवस्तू लिहिलंत तर सोबत पुरातत्त्वज्ञ लागेल. पुराणवस्तू नाही लिहिलंत तर तो आमचा विषयच नाही, आम्ही परवानगी देऊच शकत नाही."

"म्हणजे विनापरवाना शोधू?"

"तो गुन्हा आहे."

शेवटी झेनॉनने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "बाई, खरं सांगू? तिथे छावणीबिवणी काही नव्हती. थाप आहे ती."

उर्सुलाबाईंनी खणातून पुस्तिका काढून त्याच्यापुढे आपटली. "पुराव्यानिशी बोला. हे बघा. झेड. व्रुब्लिक. अकरा तळटीपा."

"अहो, मीच तो व्रुब्लिक!"

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. "मग तर लाज वाटायला हवी. स्वतःच्या एवढ्या अभ्यासाची खिल्ली उडवता? खंडन करायचं असेल तर पुस्तक लिहून आणा. तळटीपांसकट."

सरळमार्ग तिथे संपला. रविवारी मोठ्या प्रार्थनेच्या वेळी गाव चर्चमध्ये असतं. पोटाचं निमित्त सांगून झेनॉन घरी थांबला आणि मागच्या दाराने बागेत गेला. शेजारच्या वाफेवाल्या हालिनाबाई घंटेच्या आवाजावरून पाद्रीबाबांशी भांडल्या होत्या आणि दोन वर्षं चर्चची पायरी चढल्या नव्हत्या, हे मात्र तो विसरला. तिसऱ्या रोपापाशी यंत्र कोकललं आणि कुंपणावरून एक मान वर आली.

"काय झेनॉनसाहेब, खजिना का?"

"छे हो! नळ कुठे गळतोय ते बघतोय."

"नळ तर त्या टोकाला आहे," असं म्हणत बाईंनी फोन काढला.

त्याने एक रोप उपटेपर्यंत नगराध्यक्ष कुरोपात्वा चर्चच्या कपड्यांत धावत आले. त्यांच्यामागे दोन पोलीस, पोलिसांमागे निम्मं चर्च आणि त्यामागे वाट चुकलेली एक पर्यटकांची बस. झेनॉनने मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले. नगराध्यक्षांनी त्याला बेड्या न घालता मिठी घातली.

"झेनॉनसाहेब! बारा वर्षं मला मनातून वाटायचं, तुम्ही थापा मारता. पण स्वतःच खणताय म्हणजे खजिना खराच! माफ करा मला!"

"पण माझ्याकडे परवानगी नव्हती..."

"परवानगी कशाला? तुम्ही शोधत नव्हता, तुम्ही आम्हाला जागा दाखवत होता."

सोमवारी उर्सुलाबाई तंबू, ब्रश आणि सहा माणसं घेऊन आल्या. उरलेली बावीस रोपंही उपटली गेली. दोन दिवसांत बाटल्यांची चाळीस बुचं, एक विळा आणि हालिनाबाईंचा हरवलेला चमचा निघाला. तिसऱ्या दिवशी निघाली अंगठी. आत नाव कोरलेलं होतं, बोझेना.

"ती माझी..." झेनॉनचा हात वर गेला.

नगराध्यक्षांनी तो हात वरच्या वर पकडला आणि गर्दीला दाखवला. "होय, होय, यांचीच कामगिरी!" मग त्याच्या कानाशी लागले. "रविवारपासून चौदा बस ठरल्यात. अंगठी तुमची असेल तर छावणी नव्हती. छावणी नव्हती तर पुस्तक खोटं. आणि मग मला पोलिसांना विचारावं लागेल, त्या यंत्राचं काय करायचं?"

झेनॉनचा हात आपोआप खाली आला.

उर्सुलाबाई भिंगातून बघत होत्या. "यावर सोन्याच्या शुद्धतेचा आजचा शिक्का आहे, पाचशे पंच्याऐंशी. ही जेमतेम पंचवीस-तीस वर्षांची असेल."

"स्वीडिश लोक काळाच्या फार पुढे होते," नगराध्यक्ष म्हणाले.

बाईंनी तीन दिवसांच्या खोदाईचा खर्च मनातल्या मनात आठवला आणि वहीत लिहिलं, "काळ : अनिश्चित." त्या परिस्थितीत याहून खरं वाक्य त्यांना परवडण्यासारखं नव्हतं.

आठवड्याच्या आत अंगठी किल्ल्यातल्या संग्रहालयात काचेखाली गेली आणि झेनॉन दिवसातून चार वेळा तिची गोष्ट सांगू लागला. स्वीडिश सरदार, क्रास्नोगुऱ्याची सुंदर बोझेना, नदीकाठची ताटातूट. बायका डोळे पुसायच्या. झेनॉनच्याही डोळ्यांत पाणी यायचं, पण त्याचं कारण वेगळं होतं.

चर्चमधल्या समारंभाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तो शेवटचा घोळका घेऊन काचेपाशी आला. सगळ्यांच्या मागे, हातात तिकीट घेऊन, बोझेना उभी होती.

"मला एक विचारायचंय," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "अंगठी हरवली हे त्या सरदाराने बोझेनाला सांगितलं होतं का?"

"नाही," झेनॉन पुटपुटला. "घाबरला तो."

"शत्रूच्या देशात फौज घेऊन आला आणि बायकोला घाबरला?"

लोक हसले. झेनॉनने मान खाली घातली. "महिनाभर शोधत होता. झोप नव्हती त्याला. तिला कळलं तर तिला वाटेल, आपल्याला तिची किंमत नाही."

"तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," बोझेना म्हणाली. "मधमाशी चावल्याची पट्टी सोमवारी उजव्या हाताला होती आणि बुधवारी डाव्या. ती वाट बघत होती, हा गाढव कधी बोलतोय त्याची."

एवढं बोलून ती पुढे आली. पर्समधून तिने एक पितळी अंगठी काढून त्याच्या हातावर ठेवली. "बाहेर तिकीटखिडकीवर मिळाली, पंधरा झ्लॉटीला. 'स्वीडिश सरदाराची अंगठी.' आतलं नाव बरोबर आहे. उद्या पाद्रीबाबांपुढे हीच घाल. पुन्हा हरवलीस तरी हरकत नाही, इथे पेटीभर आहेत."

झेनॉनने ती बोटात सरकवली. ती अगदी मापाची बसली, कारण साचा त्याच्याच अंगठीवरून काढलेला होता.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीला राहवेना. "पण मग बोझेनाने त्याला माफ केलं का हो?"

झेनॉनने बायकोकडे पाहिलं. बोझेनाने काचेवर वाकून अंगठीखाली लावलेली उर्सुलाबाईंच्या नोंदीची चिठ्ठी सावकाश वाचली.

"अनिश्चित," ती म्हणाली आणि निळा पोशाख आणायला शिंप्याकडे निघून गेली.